न मोजलेलं पाणी

तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात आल्या की माझ्या घरातलं सगळ्यात मोठं पातेलं फळीवरून खाली उतरतं. शेंगा धुवायच्या, बुडतील इतपत पाणी घालायचं, मूठभर मीठ टाकायचं आणि झाकण ठेवून द्यायचं. थोड्या वेळानं जो वास सुटतो, हिरवट आणि किंचित मातकट, तो जिन्यावरून वरच्या मजल्यापर्यंत जातो आणि तिथल्या काकू हातात वाटी घेऊन खाली येतात. "शेंगा शिजवून राह्यली काय वं?" असं विचारतात, जसं काही त्यांना ठाऊकच नसतं. मग आम्ही दोघी गच्चीवरच्या उन्हात वर्तमानपत्र पसरून बसतो. दाणे तोंडात, टरफलं कागदावर आणि अख्ख्या नांदुऱ्याच्या उखाळ्यापाखाळ्या मधोमध. ढीग बघता बघता गुडघ्याएवढा होतो आणि तरी कुणाचाच हात थांबत नाही.

आमच्याकडची थंडी अशी खात खातच येते. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तोच स्वेटर खांद्यावर टाकून घामाघूम परत येतो. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले असतात. सरकी काढायच्या जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या इतक्या उतू जाईपर्यंत भरलेल्या असतात की झाडं आपला वाटा काढून घेतात. मला हे पुंजके फार आवडतात. बाभळीसारख्या काटेरी बाईनं हौसेनं केसांत फुलं माळावीत, तशा त्या दिसतात. हा ऋतू आला की मी उगीचच खूश असते, हे माझ्या घरचेही आता ओळखून आहेत.

यंदा या खुशीत एक भर पडली. मी जिथं रसायनशास्त्र शिकवते, त्या कॉलेजातल्या मुलांनी विज्ञान मंडळ काढलं. आनंदाची गोष्ट. पण मंडळ स्थापन होऊन आठवडा झाला नाही तोच ती सगळी माझ्या गच्चीवर येऊन उभी राहिली, आणि विषय कुठला, तर टी-शर्टचा रंग. एक म्हणाली, "मॅडम, लोगो भारी पायजे." दुसरा म्हणाला, "मॅडम, मंडळाची इमेज बनली पायजे न लोकायमंदी. पेज काढून राह्यलो आपन." मी विचारलं, काम काय करणार? तर सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. काम अजून ठरायचं होतं, इमेज मात्र निळ्या रंगात की हिरव्या, एवढ्यावर अडली होती.

मी त्यांना हसले नाही. हसायचा मला अधिकारही नाही. त्या वयात आम्हीही सगळ्यात आधी शबनमसारख्या पिशव्याच शिवून घेतल्या होत्या. मुलांना टरफलांच्या ढिगाशेजारी बसवलं, शेंगा पुढे सरकवल्या आणि म्हटलं, खा आधी. मग त्यांना जे सांगितलं, तेच इथं लिहिते आहे. त्यांना जरा सावरून सांगितलं होतं. इथं कशाला सावरू?

माझं कॉलेज शेगावला झालं. वडील रेल्वेत कारकून, घर स्टेशनजवळ, त्यामुळे गाड्यांच्या वेळा पाढ्यांआधी पाठ. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आम्ही काही जणांनी विज्ञान मंडळ काढलं. मंदार अध्यक्ष. त्याचे वडील घरोघरी पूजा सांगायला जात आणि मुहूर्ताला मिनिटाचीही चूक चालू देत नसत. मंदारनं तोच काटेकोरपणा उचलला, फक्त पंचांगाच्या जागी विज्ञान बसवलं. त्याला नियम करायला फार आवडत. उमेश खजिनदार, कारण त्याच्या वडलांचं पेढ्याचं दुकान होतं आणि बैठकीला तो रिकाम्या हातानं येत नसे. मी चिटणीस. आणि प्रज्ञा. प्रज्ञाला कुठलं पद नव्हतं, पण खरं काम तिचंच. ती वरवट बकालच्या पलीकडच्या एका लहानशा गावाहून रोज एसटीनं येई. तिचं घर तिथल्या बौद्धवस्तीत, आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणारी. प्रयोगशाळेत तिचा हात असा स्थिर, की ब्युरेटमधला थेंब तिला विचारून पडतो, असं आमचे सर म्हणायचे.

आमचं काम पाण्याचं. ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा आहे. जमिनीखालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, डोकं धुतलं तर केसांची दोरी होते. आणि वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायल्यानं घरटी कुणीतरी कमरेत वाकलेलं, मुतखड्यानं नाही तर मूत्रपिंडाच्या दुसऱ्या कुठल्या दुखण्यानं. आम्ही गावोगावचे हातपंप आणि विहिरी तपासायचो. पेनाएवढं एक मीटर होतं, पाण्यात बुडवलं की क्षार किती ते दाखवणारं. त्याचं आम्हाला केवढं अप्रूप! हातपंप आधी थोडा वेळ हापसायचा, त्याच पाण्यानं बाटली विसळायची, मग नमुना घ्यायचा, चिठ्ठी चिकटवायची. उरलेलं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

सुरुवातीला लोकांनी आमचं नाव 'मीटरवाले' ठेवलं. त्यात कौतुक कमी आणि धास्ती जास्त. एका गावात आम्ही गल्लीत शिरलो आणि उमेश मोठ्यानं म्हणाला, "मीटर काढ बे." तेवढं ऐकून समोरच्या घरातला माणूस जेवणावरून उठला, लांब काठी घेतली आणि विजेच्या तारेवर टाकलेला आकडा सटकन खाली ओढला. घरातला टीव्ही बंद झाला आणि आतून पोरांनी एकच गिल्ला केला. आम्ही वीजवाले नाही हे पटवायला अर्धा तास लागला. पटल्यावर त्यानं आम्हाला चहा पाजला आणि आमच्यासमोरच आकडा परत टाकला. तो चहा खारट होता आणि फार छान होता.

तेव्हा लोकांच्या घरचं पीत होतो आम्ही. पुढे उमेश आजारी पडला. कुठलं तरी पाणी बाधलं म्हणे. मला आजही वाटतं की पेढे बाधले होते. पण मंदारनं लगेच बैठक घेतली आणि नियम केला: गावात गेल्यावर कुणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही, प्रत्येकानं आपली बाटली गळ्यात अडकवायची. कारणही त्यानं मोठं चोख दिलं. आपण लोकांना सांगणार हे पाणी वाईट आहे आणि आपणच ते घटाघटा पिणार, तर आपल्यावर विश्वास कोण ठेवील? आम्हाला ते पटलं. मंडळाची प्रतिमा म्हणून मान डोलावली. प्रज्ञा त्या बैठकीला नव्हती, तिची एसटी लवकरची होती.

असेच कापसाचे दिवस होते. प्रज्ञानं खूप आग्रह करून आम्हाला तिच्या गावी बोलावलं. ग्रामपंचायतीत पाणी शुद्ध करायचं यंत्र येणार होतं आणि ते कुठे बसवायचं यावर गावात खल चालला होता. वस्तीतला हातपंप गावात सगळ्यात खारा आहे, असं वस्तीचं म्हणणं. गाव म्हणायचं, सगळीकडे सारखंच आहे. आम्ही मोजून द्यावं, म्हणजे यंत्र वस्तीजवळ यायला आधार होईल, असं प्रज्ञानं घरी आणि शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं. आपल्या मंडळाविषयी ती तिथं काय काय बोलली असेल, ते आम्हाला तिच्या अंगणात पाय ठेवताच कळलं.

अंगण ताजं सारवलेलं होतं. भिंतीवरच्या तसबिरींना नवे हार. तिच्या आईनं त्या दिवशी वेचणीचा खाडा केला होता. वस्तीतल्या बायका दाराशी, प्रज्ञाचे आजोबा बाजेवर. आम्ही टेकतो न टेकतो तोच तिची आई, आमच्यासाठी मावशी, ताट घेऊन बाहेर आली. त्यात पाण्याचे गिलास, नवेकोरे, एकावर तर दुकानाची चिठ्ठी अजून तशीच चिकटलेली. मंदारनं अत्यंत नम्रपणे हात जोडले. "नको मावशी, आमचं पानी आमच्याजवळ हाये." आणि आम्ही सगळ्यांनी, मीसुद्धा, आपापली बाटली उचलून दाखवली.

मावशी तशीच उभी राहिली. आजोबांनी बाजेवरून विचारलं, "हा कोनाचा पोट्टा व्हय?" उमेशला वाटलं, ओळख विचारताहेत. त्यानं उत्साहानं सांगून टाकलं, शेगावच्या अमक्या भटजींचा. आजोबांनी काठी घेतली आणि ते उठून बाहेर निघून गेले. मावशी ताट घेऊन आत गेली. दाराशी उभ्या असलेल्या बायका हळूहळू कमी झाल्या. आणि आम्हाला, खोटं सांगत नाही, काहीही कळलं नाही. हातपंपाकडे गेलो तर एका तरुणानं दांडा धरून ठेवला आणि सांगितलं, नमुना मिळणार नाही. मंदारला वाटलं, गावातलं राजकारण. परतीच्या एसटीत पूर्णेच्या पुलावर तो म्हणालादेखील, "बाकी शिस्तीत झालं सगळं." प्रज्ञा अर्थातच बरोबर नव्हती, ती घरीच राहिली होती.

त्यानंतर ती कॉलेजात दिसेना. दरम्यान आमचं नाव बदललं होतं. वरवट बकालच्या स्टँडवर चहावाल्यानं आम्हाला निरखून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच ना थे, लोकायच्या घरचं पानी न पेनारे?" दुसऱ्या एका गावात तर एका बाईनं आम्ही तोंड उघडायच्या आतच सांगितलं, "बसा. पानी नाई इचारत, तुमच्या बाटल्या असतीनच." आमचा मोबाईलवरचा गट होता, त्यावर आम्ही उपक्रमांचे फोटो टाकायचो, स्थानिक पेपरात एकदा चार ओळी छापून आल्या होत्या. ते सगळं मिळूनही जेवढं पोचलं नव्हतं, तेवढं एका अंगणातलं हात जोडणं आठवड्याभरात तालुका ओलांडून गेलं. लोक सभासदाचं नाव लक्षात ठेवत नाहीत. ते म्हणतात, त्या मंडळाचे पोट्टे.

प्रज्ञा आली ती थेट प्रयोगशाळेत. तिला तिच्या बाटल्या आणि ॲप्रन घेऊन जायचं होतं. आम्ही तिच्याभोवती जमलो.

"काऊन नाई आली वं इतके दिवस?" उमेशनं विचारलं.

"मायनं नाई म्हतलं. मंडळात जाचं नाई आन मंडळाले घरी आनाचं नाई."

"अगं, पण आम्ही केलं काय?" मंदार खरोखरच गोंधळलेला होता.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, पण एकदाही थांबली नाही. "आमच्या आज्याच्या जवानीत त्याले विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते. वरून वतलं तं वंजळीत पेयाचा. त्याच्या अंगनात तुम्ही आले आन तिघंच्या तिघं पानी नको म्हने. तो काय समजन? आन मंदार, तू तं पुन्हा भटजीचा." मंदारचा चेहरा पांढराफटक पडला. "अन् आईक, थे पानी खारं नव्हतं. माय वेचनीले जाते न, त्या वावरातली विहीर गोडी हाये. तठून गुंडी डोक्यावर आनते थे, फक्त डाळीसाठी. त्या दिवशी तिनं डाळ नाई शिजवली. तुमच्यासाठी ठेवलं."

मग ती मंदारकडे वळली आणि म्हणाली, "मीटर तुह्या खिशात व्हतं. बुडवून तरी पाहाचं. मोजल्याबिगर वाईट म्हनाचं, हे कोनतं विज्ञान व्हय?"

मला त्या क्षणी इतकी लाज वाटली, की आजही टरफलं गोळा करताना मध्येच ते वाक्य आठवतं आणि कान गरम होतात. गावोगाव मीटर मिरवत फिरणारे आम्ही, आणि जे पाणी प्रेमानं समोर आलं तेवढंच एक मोजायचं राहून गेलं! आणि समजा खारं असतं, तरी काय? एका गिलासानं कुणाला मुतखडा होत नाही. किती आणि किती दिवस, हा तर आमच्या विषयाचा पहिला धडा. मंदारचा नियम दिसायला वैज्ञानिक होता, आत निव्वळ भीती होती आणि थोडा तोरा.

तिसऱ्या दिवशी मंदार एक लांबलचक खुलासा लिहून घेऊन आला. आमचं मंडळ जातपात मानत नाही, पाणी नाकारण्यामागे केवळ आरोग्यविषयक कारण होतं, वगैरे. गावाच्या गटावर टाकू म्हणाला. तासाला आलेल्या प्रज्ञानं तो त्याच्या मोबाईलवरच वाचला आणि फोन परत दिला.

"चांगला लिवला. पन माह्या मायनं हात पुढं केला व्हता. त्याले तू मोबाईलवर जबाब देशीन?"

"मग काय करू, सांग."

"मले नोको इचारू. इतवारी माय वावरात असते."

मंदारच्या वडलांना हे सगळं कळलं तेव्हा ते, मंदारच सांगायचा, जेवता जेवता थांबले. म्हणाले, "मी दक्षिणेच्या आधी यजमानाच्या घरचं पाणी घेतो रे. तू कोणाकडून शिकलास हे?" मंदारनं त्या दिवसापासून वडलांशी पंचांगावरून भांडणं जरा कमी केलं.

तर रविवारी आम्ही वावरात. धुकं नुकतंच वर चाललेलं, बोंडं दवानं ओलसर, आणि चारी बाजूंना असं पांढरं की डोळे बारीक करावे लागत. मावशी ओळीत वाकलेली होती. आम्हाला पाहून तिनं या म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही. प्रज्ञानं आमच्या कमरांना जुन्या लुगड्यांच्या ओट्या बांधून दिल्या. कापूस वेचणं हे लांबून अगदी सोपं दिसतं. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या मुळाशी शिरतात, कापूस निघतो तर पाचोळ्यासकट, आणि पाठ मोडते ती वेगळीच. उमेश दर चार झाडांनी मधल्या तुरीच्या ओळीत शिरायचा आणि शेंगा खात बसायचा. वेचणाऱ्या बायकांना मोठी करमणूक झाली. "या साहेबाची ओटी भरन का पोट?" एकीनं विचारलं. मंदारची ओटी सगळ्यात हलकी, पण त्यातला कापूस सगळ्यात स्वच्छ. काडी काडी वेचून काढत होता. मावशीनं एकदा येऊन त्याच्या ओटीत हात घालून पाहिला आणि काही न बोलता गेली. मला ती परीक्षकासारखी वाटली आणि मी घाईघाईनं माझ्या ओटीतला पाचोळा वेचायला लागले.

दुपारी बाभळीखाली सगळ्या बायका जेवायला बसल्या. आम्हीही बसलो. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी. मावशीनं आमच्या हातावर भाकरी ठेवल्या. पाणी मात्र कुणालाही विचारलं नाही. त्यांचा प्लास्टिकचा डबा आणि एक गिलास त्यांच्यात फिरत होता, आमच्यापर्यंत येऊन परत जात होता. ती काही राग काढत नव्हती. एकदा पुढे केलेला हात तसाच परत आला होता, आता ती तो करणार नव्हती, इतकंच. ठेचा असा की कान बधिर झाले. उमेशच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आणि बाटल्या आम्ही त्या दिवशी मुद्दाम घरी ठेवून आलो होतो.

मंदारनं भाकरी खाली ठेवली. "मावशी, पानी द्या न."

जन्मभर 'पाणी' म्हणणारा पोरगा 'पानी' म्हणाला, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुही बाटली?"

"नाई आनली."

"आज विहिरीचं नाई हे. मोटर बंद हाये. वस्तीतल्या हापशीचं हाये. खारं."

"तुम्ही पेता न?"

"आमी तं जन्माचेच पेतो, बापा."

"मंग द्या."

तिनं गिलास भरला. त्यानं तो तोंडाला लावून सगळा प्यायला. आणि मग त्याच्या चेहऱ्याचं जे काही झालं ते त्याला लाख प्रयत्न करूनही लपवता आलं नाही. नाक, भुवया, ओठ, सगळं एका जागी गोळा झालं. "मावशी, लय वाईट हाये हो हे," तो कळवळून म्हणाला. बायकांमध्ये हसण्याची अशी लाट उठली की शेजारच्या वावरातले लोक उभे राहून पाहू लागले. मावशी पदर तोंडाला लावून हसत होती, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग मी काय म्हनून राह्यली? थुतरी पाहा याची कशी झाली!" मग आम्ही सगळ्यांनी मागून मागून प्यायलं आणि प्रत्येकाचं तोंड पाहायला बायका पुढे सरकून बसल्या. प्रज्ञा माझ्याशेजारी होती. तिनं माझ्या गिलासातलं उरलेलं पाणी घेतलं आणि किती तरी दिवसांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मला रडू आलं. ठेच्यावर ढकललं.

मी मुलांना सांगितलं, बघा, वाक्य तेच होतं. तुमचं पाणी वाईट आहे. गिलास न घेता म्हटलं तेव्हा तो अपमान झाला, पिऊन म्हटलं तेव्हा ती आपुलकी झाली. मीटर बदललं नव्हतं, पाणीही नाही. त्यानंतर नियमही मंदारनंच बदलला: समोर येईल ते पाणी आधी प्यायचं, मग मोजायचं. एकीनं हळूच विचारलं, "मॅडम, अन् सगळेच गावं खारे असतीन तं?" म्हटलं, तर तोंड वाकडं होईल. होऊ द्यावं.

आता आम्ही चौघं चार गावी आहोत. मंदार पाण्याच्याच कामात मोठा अधिकारी आहे, प्रज्ञा अकोल्याला प्रयोगशाळा सांभाळते, उमेशनं वडलांचं दुकान वाढवलं आणि स्वतःलाही. त्या गावातलं यंत्र वस्तीच्या तोंडाशी उभं आहे. मागच्याच आठवड्यात तिकडून गेले तर कॅन घेऊन उभ्या असलेल्या बायकांत भांडण चाललं होतं, म्हणजे सगळं ठीक आहे. पण ते तिथं बसलं कसं, तो दिवस सांगायचा राहिला. थंडी सरत आली होती, कापसाची शेवटची वेचणी झाली होती, आणि ग्रामसभा भरली होती.

पंचायतीपुढच्या ओट्यावर सरपंचबाई, खाली सतरंज्यांवर गाव, आणि एका कडेला वस्तीतली माणसं. त्या रविवारनंतर वस्तीनं आम्हाला हातपंप मोजू दिला होता, गावातलेही आम्ही मोजले होते, ते सगळे आकडे मंदारनं वाचून दाखवले. वस्तीतला हातपंप खरंच सगळ्यात खारा होता. वाचून झाल्यावर समोरच्या रांगेतले एक वजनदार गृहस्थ उठले. पांढरे कपडे, खिशाला पेन. "हे शेगावचे पोट्टे," ते म्हणाले, "आज हायेत, उद्या नाईत. यायच्या पेनासारख्या मीटरवर गावानं काऊन इश्वास ठेवाचा? समद्या गावाचं पानी सारखंच हाये." पुष्कळ माना हलल्या. मंदारनं मीटर कसं चालतं ते समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्रज्ञाची आई उठून उभी राहिली. ग्रामसभेत ती आधी कधी बोलली नव्हती. प्रज्ञानं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

"दादा, मले मीटरातलं कळत नाई," मावशी म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत जात होता. "पन हे पोट्टे आमच्या हापशीचं पानी मांगून पेले आन मंग वाईट हाये म्हने. तुमी म्हन्ता, सारखंच हाये. मंग तुमी कधी पेलं आमच्या अठचं?"

गृहस्थ उभेच होते, बसावं की बोलावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी सरपंचबाईच म्हणाल्या, "आना रे वस्तीतून एक तांब्या." तांब्या आला. त्यांनी स्वतः आधी प्यायलं, तोंड वाकडं झालं, आणि सगळ्यांसमोर त्यांनी ते तसंच राहू दिलं. मग तांब्या पुढे सरकला. त्या गृहस्थांच्या हातात तो थोडा जास्तच वेळ राहिला, मग त्यांनी मान वर करून एक घोट घेतला. पुन्हा भरून आणावा लागला. वस्तीतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारून हसत होत्या आणि प्रज्ञाचे आजोबा काठीवर दोन्ही हात ठेवून, पापणी न लववता, तांब्या कुणाकुणाच्या हातात जातो ते पाहत होते.